सतत तुटणाऱ्या डायल-अप लाइनवर फाइल पूर्ण पोचत नाही: एक्समोडेम सुधारायचा की प्रोटोकॉलच बदलायचा?

डायलटोन

दूरच्या जागी एक डेटा लॉगर बसवलेला आहे. त्याला साध्या टेलिफोन लाइनवर व्ही.३२बिस (१४,४०० पर्यंतच्या वेगाचं मानक) मोडेम जोडला आहे. मध्यवर्ती लिनक्स मशीन रोज रात्री फोन लावतं आणि दिवसभराच्या नोंदींची फाइल ओढून घेतं. त्या जागी मोबाइल डेटा किंवा दुसरं कुठलंही नेटवर्क नाही, त्यामुळे ‘मोडेम फेकून द्या’ हे उत्तर कृपया नको.

आकडे असे आहेत:

फाइल ६,५५,३६० बाइट, लॉगरवरच कॉम्प्रेस केलेली.
लाइनचा वेग सेकंदाला १४,४०० बिट, मोडेम जोडलेला सिरीयल पोर्ट ५७,६०० वर.
प्रोटोकॉल एक्समोडेम-सीआरसी (दर ब्लॉकनंतर पोच घेणारा; सीआरसी म्हणजे चूक पकडणारा तपास-अंक), १२८ बाइटचे ब्लॉक.
चूक नसलेल्या पट्ट्यात मोजलेला वेग सेकंदाला ३८० बाइट.
दर हजार ब्लॉकमागे ६ ते ८ नॅक (‘ब्लॉक खराब, पुन्हा पाठव’ हे उत्तर).
कॉल ५ ते १२ मिनिटांत कधीही तुटतो. तुटला की फाइल पुन्हा पहिल्यापासून.
लॉगरमध्ये ८-बिट कंट्रोलर, ३२ केबी रॅम. नोंदी फ्लॅशमध्ये. फर्मवेअर बदलता येतं, पण पीपीपी आणि टीसीपी (इंटरनेटचे प्रोटोकॉल) मावतील एवढी जागा नाही.

ब्लॉक १ केबीचा केला तर भागेल का? की झेडमोडेम (न थांबता पाठवणारा नंतरचा प्रोटोकॉल) बसवावा? की सरळ स्वतःचा प्रोटोकॉल लिहावा? लिहायचाच असेल तर कुठे पाय घसरतो ते आधी कळलेलं बरं.

हेक्सडंप

वेळ नेमका कुठे जातो ते आधी बघा. उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

१४,४०० म्हणजे स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून सेकंदाला १,४४० बाइट. एक्समोडेम-सीआरसीचा ब्लॉक १३३ बाइटचा: एसओएच (सुरुवातीची खूण), ब्लॉक क्रमांक, त्याचा पूरक, १२८ बाइट डेटा आणि २ बाइट सीआरसी. तो तारेवरून जायला ०.०९२ सेकंद पुरतात. ३८० च्या वेगाने मात्र तुम्हाला एका ब्लॉकला ०.३३७ सेकंद लागताहेत. मधल्या ०.२४५ सेकंदात लाइनवर काहीच नसतं. पाठवणारा पोचेची वाट बघत बसलेला असतो. चार मिनिटांच्या कॉलमधली जवळजवळ तीन मिनिटं शांतता.

या हिशेबाने अख्खी फाइल जायला १,७२५ सेकंद, म्हणजे पावणेएकोणतीस मिनिटं हवीत. कॉल जास्तीत जास्त बारा मिनिटं टिकतो. तेव्हा फाइल पोचत नाही यात नशिबाचा काही संबंध नाही.

१ केबीचे ब्लॉक केले तर ब्लॉकला ०.७१५ अधिक ०.२४५ म्हणजे ०.९६ सेकंद, वेग साधारण १,०६७ आणि फाइलला सव्वादहा मिनिटं. जवळजवळ तिप्पट फायदा, पण तरीही काठावरच. शिवाय मोठा ब्लॉक सगळीकडे चांगला असतो असंही नाही. दर दहा हजार बिटांमागे एक चूक असेल तर १ केबीचा ब्लॉक पहिल्या फेरीत धड पोचण्याची शक्यता ३६ टक्के आणि १२८ बाइटच्या ब्लॉकची ८७ टक्के. तुमच्या नॅकवरून चुकांचं प्रमाण दर १,९०,००० बिटांमागे एक असं निघतं. तिथे १ केबीचे शंभरात पाच ब्लॉक पुन्हा पाठवावे लागतील. परवडेल.

आणखी एक गोष्ट तपासा. एक्समोडेममध्ये घेणाऱ्याचे दोन टाइमआउट वेगळे असतात: ब्लॉक सुरू होण्यासाठी १० सेकंद आणि ब्लॉकच्या आत दोन बाइटांमध्ये १ सेकंद. घाईत लिहिलेल्या बऱ्याच कोडमध्ये दोन्हीकडे १० असतात. ब्लॉकमधला एक बाइट गळला की घेणारा १३३ व्या बाइटची दहा सेकंद वाट बघतो आणि मग नॅक पाठवतो. तुमच्या ५,१२० ब्लॉकमध्ये सुमारे ३६ चुका, प्रत्येकी १० सेकंद, म्हणजे सहा मिनिटं नुसती उभ्या उभ्या गेली. बदलायची आहे एकच ओळ.

पण खरं दुखणं वेगाचं नाही. तुटल्यावर पहिल्यापासून सुरुवात करायची हेच मुळात चुकीचं आहे. पुन्हा जोडल्यावर पुढून चालू करता आलं तर ३८० च्या वेगानेही फाइल तीन-चार कॉलमध्ये पोचते.

तारेवरची_कसरत

प्रोटोकॉलला हात घालण्याआधी एक प्रश्न: जोडणी झाल्यावर मोडेम ‘कनेक्ट’च्या ओळीत नक्की काय लिहितो? वेगाच्या पुढे एलएपीएम, एआरक्यू (चूक-दुरुस्ती चालू असल्याच्या खुणा) असं काही दिसतं का?

विचारायचं कारण असं. दोन्ही टोकांना व्ही.४२ (मोडेममधली चूक-दुरुस्ती) चालू असेल तर तारेवरच्या चुका मोडेमच आपसात निस्तरतात. वरच्या प्रोटोकॉलला चूक दिसायलाच नको. दिसेल तो फक्त उशीर. व्ही.४२ चालू असूनही नॅक येत असतील तर गुन्हेगार टेलिफोन लाइन नव्हे, मोडेम आणि कॉम्प्युटर यांच्यामधली दीड मीटरची केबल आणि तिच्या टोकाची चिप.

५७,६०० ला दर १७४ मायक्रोसेकंदांनी एक बाइट येतो. जुन्या ८२५० या सिरीयल पोर्टच्या चिपमध्ये एकाच बाइटची जागा. तेवढ्या वेळात इंटरप्ट हाताळला नाही तर पुढचा बाइट आधीच्यावर बसतो, हाच ओव्हररन. १६५५०ए चिपमध्ये १६ बाइटचा फिफो (रांगेचा बफर) आहे, पण त्याची इंटरप्ट देण्याची पातळी १४ वर ठेवली तर मोकळ्या जागा दोनच उरतात, म्हणजे सुमारे ३५० मायक्रोसेकंद. पातळी ८ वर आणली की १.४ मिलिसेकंद मिळतात. लाइन १४,४०० ची आहे म्हणून पोर्टही निवांत असेल असं समजू नका. व्ही.४२ फ्रेम जमवून झाली की मोडेम ती पोर्टच्या पूर्ण वेगाने ओततो.

लिनक्सवर प्रॉक फाइल-सिस्टिममध्ये सिरीयल ड्रायव्हरची फाइल असते. तिच्यात प्रत्येक पोर्टपुढे ‘ओई’ म्हणजे ओव्हररन आणि ‘एफई’ म्हणजे फ्रेमिंग एरर यांची मोजणी दिसते. कॉलच्या आधी आणि नंतर ती वाचा. ‘ओई’ वाढला असेल तर आरटीएस-सीटीएस फ्लो कंट्रोल (‘थांब’ आणि ‘पाठव’ सांगणाऱ्या तारा) मोडेममध्ये आणि पोर्टवर, दोन्हीकडे चालू आहे का बघा. रॉकवेल चिपसेटच्या मोडेमला ‘एटी&के३’ लागतं. एक्सऑन-एक्सऑफ (तेच काम हेक्स ११ आणि हेक्स १३ या बाइटांनी) मात्र पूर्ण बंद. बायनरी फाइलमध्ये हेक्स १३ येणारच, आणि लाइनवरच्या आवाजातून एखादा हेक्स १३ तयार झाला तर पाठवणारा मुकाट थांबतो आणि कुणी हेक्स ११ पाठवेपर्यंत थांबूनच राहतो.

कॉल तुटण्याबद्दल. मोडेमच्या एस१० रजिस्टरमध्ये कॅरिअर (दुसऱ्या मोडेमचा सूर) गेल्यावर किती वेळाने फोन ठेवायचा ते दशांश सेकंदांत असतं. बहुतेक मोडेममध्ये ते १४ असतं, म्हणजे १.४ सेकंद. कॉल वेटिंगचा टोन किंवा लाइनवरची एखादी खरखर एवढ्यात कॉल पाडायला पुरते. ते दोन्ही टोकांना ६० ते १०० करा. २५५ करू नका. बऱ्याच मोडेममध्ये त्याचा अर्थ ‘कॅरिअरकडे लक्षच देऊ नको’ असा होतो आणि मग दुसऱ्या टोकाने फोन ठेवला तरी इकडचा मोडेम लाइन धरून बसतो.

कमाल वेगाचा हट्ट सोडणंही फायद्याचं ठरतं. व्ही.३२बिस १४,४००, १२,०००, ९,६००, ७,२०० आणि ४,८०० वर चालतो. लाइन १४,४०० पेलत नसेल तर मोडेम पुन्हा पुन्हा रीट्रेन (लाइन नव्याने जुळवणं) करत राहतात आणि एखाद्या वेळी ते फसलं की कॉल जातो. ९,६०० वर बांधून बघा. तार सतत भरलेली ठेवली तर तिथे फाइलला दहा-अकरा मिनिटं लागतील, पण कॉल अर्धा तास टिकला तर सौदा स्वस्तच.

निवांत_बाइट

कुणीच हे म्हटलं नाही म्हणून: फाइल तोडा. दिवसाची एक ६४० केबीची फाइल करण्याऐवजी दर तासाला एक, अशा २४. प्रत्येकी सुमारे २७ केबी. तुमच्या आजच्या ३८० च्या वेगाने एक फाइल ७२ सेकंदांत जाते. कॉल तुटला तर तोटा जास्तीत जास्त ७२ सेकंदांचा. प्रोटोकॉलला हातही लावायचा नाही.

प्रत्येक तुकडा स्वतंत्र कॉम्प्रेस केलेला हवा, म्हणजे तेवढाच आला तरी उघडता येतो. कॉम्प्रेशन थोडं कमी होईल, चालेल. आणि एक्समोडेम शेवटचा ब्लॉक हेक्स १ए ने भरतो हे लक्षात असू द्या. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइली १२८ बाइटच्या रेकॉर्डमध्ये मोजल्या जात, तिथून हे आलंय. खरी लांबी फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवा, नाहीतर शेपटीला कचरा.

डायलटोन

‘कनेक्ट १४४००’, बस्स. पुढे काही नाही. लॉगरच्या फर्मवेअरमधली मोडेमची इनिशियलायझेशन स्ट्रिंग (सुरुवातीच्या कमांड) पाहिली, तीत ‘\एन०’ आहे. ‘ओई’ची मोजणी शून्य. फाइल तोडण्याची सूचना तातडीचा इलाज म्हणून घेतोय, पण महिन्याच्या शेवटी एक २ एमबीची फाइल असते आणि ती तोडता येत नाही. म्हणून प्रोटोकॉलचा प्रश्न उभाच आहे.

तारेवरची_कसरत

मग कोडं सुटलं. ‘\एन०’ म्हणजे चूक-दुरुस्ती बंद. तुमच्या फाइलवर तारेतली प्रत्येक चूक थेट येतेय.

लॉगरकडे ‘\एन३’ करा: जमलं तर व्ही.४२, नाहीतर एमएनपी (जुनी चूक-दुरुस्ती), तेही नाही तर साधी जोडणी. ‘\एन२’ किंवा ‘\एन४’ मध्ये दुरुस्ती जमली नाही तर मोडेम फोनच ठेवतो. खराब लाइनवर ते नको, कारण त्या रात्री काहीच मिळणार नाही. व्ही.४२ मध्ये मोडेमांमधला दुवा सिंक्रोनस असतो, स्टार्ट-स्टॉप बिट तारेवर जात नाहीत, त्यामुळे वेगही १,४४० वरून १,६५० च्या आसपास चढतो.

कॉम्प्रेशन मात्र बंद ठेवा, रॉकवेलवर ‘%सी०’. फाइल आधीच कॉम्प्रेस केलेली आहे. व्ही.४२बिस (मोडेममधलं कॉम्प्रेशन) अशा डेटाला निदान पारदर्शक मोडमध्ये जाऊ देतो. एमएनपी-५ (जुनं कॉम्प्रेशन) तर ती उलट फुगवतो.

एक सावधगिरी. व्ही.४२ चालू झाला की चुका जातात, उशीर वाढतो. एक फ्रेम मोडेमांमध्ये दोनदा पाठवावी लागली किंवा रीट्रेन झालं तर वर अनेक सेकंद शांतता दिसते. घट्ट टाइमआउट ठेवलेला एक्समोडेम अशा वेळी उगाच नॅक पाठवतो, मूळ ब्लॉक आणि त्याची दुसरी प्रत दोन्ही येतात, आणि एकेका बाइटच्या पोच कुठल्या ब्लॉकच्या आहेत हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. पोचेत क्रमांकच नाही. एक्समोडेमचा हा जन्मजात दोष आहे.

हेक्सडंप

हा दोष काढायचा तर झेडमोडेमकडे जावंच लागतं. चक फोर्सबर्गनी तो १९८६ मध्ये टेलेनेट या पॅकेट नेटवर्कसाठी केला. तिथे एका पोचेला जाऊन यायला इतका वेळ लागे की ब्लॉकगणिक थांबणं अशक्यच होतं. म्हणून त्यात क्रमांकाऐवजी फाइलमधलं ठिकाण असतं, ३२ बिटांचं. पाठवणारा न थांबता पाठवत राहतो. घेणाऱ्याला खराबी दिसली की तो ‘झेडआरपीओएस’ पाठवून सांगतो, अमुक बाइटपासून पुन्हा दे. कॉल तुटल्यावर पुढून चालू करणं हीसुद्धा तीच युक्ती: अर्धवट फाइलची लांबी हेच ठिकाण.

लिनक्सकडे एलआरझेडएसझेड (झेडमोडेमचा प्रोग्रॅम) घ्या, लॉगरमध्ये पाठवणाऱ्याची बाजू लिहा. ती लहान असते, ३२ केबीत आरामात बसते. तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, खिडकी, म्हणजे पोच न येता किती बाइट पुढे पाठवायचे ती मर्यादा. झेडमोडेम खिडकीशिवाय सोडला तर पाठवणारा मोडेमचा बफर काठोकाठ भरतो. त्यात कित्येक केबी मावतात. मग झेडआरपीओएस आला तरी बफरमधलं सगळं शिळं सामान आधी वाहून जावं लागतं. तुमच्या लाइनवर १,६५० गुणिले पाव सेकंद, म्हणजे ४१० बाइट ‘हवेत’ असले की तार भरलेली राहते. २,०४८ ची खिडकी भरपूर झाली. डेटाच्या तुकड्यांमध्ये अधूनमधून ‘झेडसीआरसीक्यू’ने पोच मागत राहायचं म्हणजे खिडकी पुढे सरकत राहते.

दुसरी, एस्केप, म्हणजे खास अर्थाच्या बाइटपुढे खूण लावून तो पाठवणं. झेडडीएलई (हीच खूण), डीएलई, एक्सऑन, एक्सऑफ आणि शेवटच्या तिघांच्या आठवा बिट लावलेल्या जोड्या मिळून सात बाइट दुप्पट होतात. कॉम्प्रेस केलेल्या फाइलवर हा भार २.७ टक्के. ‘सगळे कंट्रोल कॅरेक्टर एस्केप करा’ हा पर्याय चालू केलात तर तो २५ टक्के होतो. मधे एखादा हट्टी टर्मिनल सर्व्हर असेल तरच ते सहन करा. कर्मिट हा दुसरा प्रोटोकॉल मूळ पद्धतीने चालवला तर तोही हाच दंड भरतो. १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात तो मेनफ्रेमच्या ७-बिट लाइनींतून वाट काढायला झाला, तिथे गरजच होती. नंतर त्यात ३१ पर्यंतची सरकती खिडकी आणि ९,०२४ बाइटपर्यंतची पॅकेटं आली, तेव्हा त्याला सरसकट हळू म्हणणं अन्यायाचं आहे.

तिसरी, पुढून चालू करण्यातला विश्वास. लांबी जुळली म्हणजे मजकूर जुळला असं नाही. मधल्या काळात लॉगरने त्याच नावाने नवी फाइल केली असेल तर अर्धी कालची आणि अर्धी आजची असं भूत तयार होतं. नावात नोंदीचा क्रमांक घाला, आणि चालू करण्याआधी ‘झेडसीआरसी’ फ्रेमने आहे त्या भागाचा सीआरसी-३२ मागून ताडून बघा. शिवाय अर्धवट फाइलचं शेपूट डिस्कवर धड उतरलं असेलच असं नाही. शेवटचे एक-दोन केबी कापून तिथून मागा.

खिडकी_सात

झेडमोडेम चालेल, पण तो मूलतः ‘मागे जा आणि तिथून सगळं परत’ या जातीचा आहे. एक तुकडा बिघडला तर त्यानंतरचे चांगले तुकडेही पुन्हा येतात. दोन्ही टोकं तुमच्या ताब्यात आहेत आणि पाठवणाऱ्याकडे फ्लॅश आहे, ज्यातून कुठलाही तुकडा कधीही वाचता येतो. तेव्हा निवडक पुनर्प्रेषण (फक्त बिघडलेले तुकडे परत पाठवणं) तुम्हाला जवळजवळ फुकट पडतं. खिडकीसाठी रॅममध्ये प्रती ठेवायला नकोत, ५१२ बाइटचे दोन बफर पुरे: एक जातोय, दुसरा फ्लॅशमधून भरतोय.

आराखडा असा.

फाइल ५१२ बाइटच्या तुकड्यांत. आकडा हवेतून काढलेला नाही. दर फ्रेमला १२० बिटांचा भार आणि तुमच्या साध्या लाइनवरचं चुकांचं प्रमाण धरलं, तर भार भागिले चुकांचं प्रमाण याचं वर्गमूळ येतं सुमारे ४,७५० बिट, म्हणजे ४७५ बाइट. ज्या रात्री व्ही.४२ जमणार नाही त्या रात्रीही हा आकार योग्य राहतो. ६,५५,३६० बाइटचे १,२८० तुकडे होतात. घेणारा कुठले तुकडे आले याचा बिटमॅप (तुकड्यागणिक एक बिट) ठेवतो: १६० बाइट.

फ्रेम: प्रकार १ बाइट, सत्र क्रमांक २, तुकड्याचा क्रमांक २, लांबी २, डेटा, सीआरसी-३२ चे ४, आणि शेवटी खूण म्हणून हेक्स ७ई. डेटात ७ई किंवा ७डी आला तर त्याऐवजी ७डी आणि मूळ बाइटचा ६ वा बिट उलटवून, म्हणजे हेक्स २० शी एक्सॉर करून. पीपीपी हेच करतो. एक्समोडेममध्ये फ्रेमची सुरुवात हेक्स ०१ ने होते आणि तोच बाइट डेटातही येऊ शकतो, म्हणून ताळ सुटला की लाइन शांत होण्याची वाट बघावी लागते. इथे पुढची ७ई आली की ताळ जुळला.

सीआरसी-३२ कशाला, १६ का नको? खराब फ्रेम चांगली म्हणून निसटण्याची शक्यता सीआरसी-१६ ला ढोबळमानाने ६५,५३६ त एक. दिवसाला ३६ खराब ब्लॉक धरले तर पाच वर्षांतून एकदा बिघडलेला डेटा बिनबोभाट आत शिरतो. त्याला रोखायला फक्त दोन बाइट जास्त लागतात. ८-बिट कंट्रोलरवर १ केबीचं कोष्टक फ्लॅशमध्ये ठेवा, वेग पुरतो.

जोडणी झाल्यावर पहिला बोलतो तो घेणारा. तो पाठवतो: फाइलची ओळख म्हणजे नोंद क्रमांक, लांबी आणि अख्ख्या फाइलचा सीआरसी-३२, त्यामागे बिटमॅप. लॉगर त्यात शून्य असलेलेच तुकडे पाठवतो. ओळख जुळली नाही तर लॉगर नवी ओळख कळवतो आणि बिटमॅप कोरा होतो. पहिला कॉल, पाचवा कॉल, सगळ्यांना एकच वाट. ‘पुढून चालू करणे’ असा वेगळा कोडच नाही, त्यामुळे तो कधीतरीच चालतो आणि म्हणून मोडका राहतो असंही होत नाही.

सत्र क्रमांक प्रत्येक कॉलला नवा. जुना क्रमांक असलेली फ्रेम सरळ टाकून द्यायची. मोडेमने ओळीत टाकलेलं ‘नो कॅरिअर’ किंवा लॉगिनचा संदेश सीआरसीत आपोआप गळतो.

पोच म्हणजे घटना नव्हे, स्थिती. दर चार फ्रेमनंतर किंवा दीड सेकंदाने, जे आधी येईल तेव्हा, घेणारा कळवतो: ‘या क्रमांकापर्यंत सगळं आलं, आणि त्यापुढच्या ३२ पैकी हे आले.’ असे दोन अहवाल हरवले तरी तिसऱ्यात सगळं येतं. चार फ्रेमला साधारण १.३ सेकंद लागतात, त्यात फेरीचा वेळ मिळवून २.६ केबी हवेत लागतात. म्हणून खिडकी ८ तुकड्यांची. युयुसीपी या युनिक्सच्या जुन्या फाइल-देवाणघेवाणीच्या ‘जी’ प्रोटोकॉलची कमाल खिडकी ७ पॅकेटांची असे, तीही बहुधा ६४ बाइटची, म्हणजे साडेचारशे बाइटच्या आत. विलंब वाढला की तो दमायचा तो यामुळेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका तारेवर फ्रेम एकमेकींना ओलांडत नाहीत. ४१ आला नाही आणि ४२ आला, म्हणजे ४१ हरवलाच. वाट बघायची गरज नाही. टीसीपीला तीन दुहेरी पोचांची वाट बघावी लागते ती इंटरनेटवर क्रम बदलतो म्हणून. फक्त एकच काळजी: ४१ पुन्हा पाठवल्यावर पुढच्या अहवालातही तो ‘नाही’च दिसेल, कारण अहवाल आधी निघालेला असेल. प्रत्येक पाठवणीला चढता अनुक्रम द्या, आणि ४१ च्या शेवटच्या पाठवणीनंतर निघालेलं काही पोचल्याचं दिसलं तरच तो परत पाठवा. हे विसरलात तर प्रत्येक हरवलेला तुकडा तीन-चारदा जातो.

हेक्सडंप

@खिडकी_सात, आराखडा पटला, पण टाइमरबद्दल काहीच लिहिलं नाहीत. शेवटची फ्रेम हरवली तर तिच्यामागून येणारं कुणी नसतं, मग तिची गैरहजेरी कशी कळणार? तिथे टाइमर लागतोच. आणि टीसीपीसारखा दर चुकीला दुप्पट होणारा टाइमर इथे लावू नका. तो गर्दीसाठी आहे; दोन मोडेमांच्या मधे गर्दी करायला तिसरा कुणी नाही.

खिडकी_सात

बरोबर, राहिलं ते. टाइमर फक्त शेपटासाठी. सरासरी फेरीचा वेळ आणि त्याचं विचलन धरून ठेवा: नव्या मोजणीचा एक अष्टमांश सरासरीत, एक चतुर्थांश विचलनात, आणि टाइमआउट म्हणजे सरासरी अधिक चार पट विचलन. पुन्हा पाठवलेल्या फ्रेमची पोच मोजणीत धरायची नाही, कारण ती कुठल्या प्रतीची आहे ते कळत नाही. खाली २ सेकंद, वर ८ सेकंदांची मर्यादा.

घड्याळ कधी सुरू करायचं याबाबत मात्र बहुतेक जण चुकतात. बाइट बफरला दिले तेव्हा नव्हे, शेवटचा बाइट चिपमधून बाहेर पडला तेव्हा. आणि सीटीएस खाली असेल, म्हणजे मोडेम ‘थांब’ म्हणत असेल, तोवर घड्याळही थांबलेलं हवं. रीट्रेनच्या दहा सेकंदांत घड्याळ चालू राहिलं तर तुम्ही त्याच फ्रेमच्या चार प्रती मोडेमच्या बफरात कोंबता आणि लाइन जागी झाली की आधी तो कचरा जातो.

सगळ्यांवर एक मोठा टाइमर: ३० सेकंदांत एकही धड फ्रेम आली नाही तर डीटीआर (मोडेमला फोन ठेवायला लावणारी तार) खाली घेऊन फोन ठेवा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा लावा. मेलेली जोडणी कुरवाळण्यापेक्षा हे बरं. नवीन कॉलला वेगळा मार्ग मिळून लाइन सुधारतेही कधी कधी.

डायलटोन

दोन शंका. घेणाऱ्या मशीनची वीज गेली तर बिटमॅप आणि फाइल यांच्यात विसंगती येणार नाही का? आणि सगळे तुकडे येऊनही शेवटचा सीआरसी जुळला नाही तर पुन्हा सगळं मागायचं?

खिडकी_सात

क्रम पाळा. आधी तुकडा त्याच्या जागी फाइलमध्ये लिहा, मग एफसिंक (ते डिस्कवर खरोखर उतरवणं), मग बिटमॅपमध्ये बिट, मग बिटमॅपचा एफसिंक. उलटं केलंत तर बिट म्हणतो ‘आहे’ आणि डिस्कवर शून्यं असतात. दर तुकड्याला एफसिंक नको, ३२ तुकड्यांचा एक घास करा. वीज गेली तर १६ केबी परत येतील, दहा सेकंदांचं काम. बिटमॅपच्या फाइललाही स्वतःचा सीआरसी असू द्या. तो जुळला नाही तर बिटमॅप कोरा धरायचा.

शेवटचा सीआरसी बिघडला तर फाइल टाकू नका. लॉगरकडून तुकड्यागणिक सीआरसी-३२ ची यादी मागा: १,२८० गुणिले ४, म्हणजे ५,१२० बाइट, तीन-सव्वातीन सेकंद. जिथे जुळत नाही तेवढे बिट खाली घ्या आणि नेहमीच्या वाटेने तुकडे येऊ द्या. सीआरसी जुळल्यावरच ‘अर्धवट’ नावाच्या फाइलचं खऱ्या नावात रूपांतर, आणि त्यानंतरच लॉगरला ‘पुसलं तरी चालेल’ ही फ्रेम. या फ्रेमचं उत्तर हरवलं तर ती पुन्हा जाईल, तेव्हा आधीच पुसलेल्या फाइलसाठीही लॉगरने ‘हो’च म्हणायला हवं. ‘फाइल सापडत नाही’ असं उत्तर दिलंत की घेणारा रोज रात्री तोच निरोप देत बसतो.

२ एमबीच्या फाइलला ४,०९६ तुकडे आणि ५१२ बाइटचा बिटमॅप लागेल. नेमका एका फ्रेमएवढा, पण फाइलची ओळख त्याच्यासोबत बसत नाही. म्हणून बिटमॅप सुरुवातीपासूनच दोन-तीन फ्रेममध्ये पाठवता येईल असा लिहा.

तारेवरची_कसरत

चाचणी टेलिफोनवर करू नका, तिथे हवी तेव्हा हवी ती चूक मिळत नाही. सोकॅट या प्रोग्रॅमने दोन आभासी टर्मिनल जोडा आणि मधे एक छोटा प्रोग्रॅम बसवा, जो बाइट पुढे ढकलताना मुद्दाम खोड्या काढतो: एक बिट उलटा, एक बाइट गाळ, मधेच हेक्स १३ टाक, दहा सेकंद थांबव, मग एकदम सोड, आणि वाटेल त्या बाइटवर जोडणी तोड. यादृच्छिक बीज लॉगमध्ये लिहा म्हणजे बिघाड जसाच्या तसा पुन्हा घडवता येतो. उलट दिशेचे अहवाल एकूणएक गाळून पाहायला विसरू नका. तेव्हा पाठवणाऱ्याने खिडकी भरल्यावर थांबायला हवं आणि ३० सेकंदांनी फोन ठेवायला हवा. तो तुकडे ओततच राहिला तर खिडकीचा हिशेब चुकलाय.

लॉगरचं फर्मवेअर बदलताना ‘\एन३’ आणि एस१० त्याच फेरीत बदला. आणि जुना एक्समोडेम काढू नका: कॉल लागल्यावर १० सेकंदांत नवी मागणी-फ्रेम आली नाही तर लॉगरने जुन्या पद्धतीने पाठवायला तयार राहावं. नवीन कोडात खोट निघाली तर दुरुस्त फर्मवेअर जाईपर्यंत नोंदी तरी येत राहतील.